आधी हात, मग रामराम

आमच्या शेजारचे निंबा नाना दारात आले की रामराम नंतर, आधी हात मागतात. दंडाला पट्टा बांधतात, यंत्राचं बटण दाबतात आणि आकडा वहीत लिहून मिठावरून झापतात. एकदा मयतीला गेले आणि रडणाऱ्या चौघींचं बीपी मोजून आले.

नाना दोंडाईच्याला दवाखान्यात शिपाई होते. तीन देशांनी मिळून आमच्या गावात बीपीची योजना आणली, गोळ्या फुकट. मोजायचं काम नानांनी मागून घेतलं. "आपलं माप दुसरानी लेवानं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. स्वतःचं स्वतः मोजलं की माणूस लबाडी करतो म्हणे.

यंदा त्या तिन्ही देशांचे डॉक्टर योजनेचा उपयोग झाला का ते तपासायला आले. नापास झालो तर गोळ्या बंद. नानांची इज्जत राहावी म्हणून त्या सकाळी गावानं दोन-दोन गोळ्या घेतल्या. मीही घेतल्या. पाहुणे येणार म्हणून घर सारवतात, तसं आम्ही रक्त सारवलं.

सगळ्यांचे आकडे खाली आले. सरपंच उठता उठता चक्कर येऊन परत खाली बसला. पाहुणे खूश होऊन लिहायला लागले, तेवढ्यात नाना उभे राहिले.

"आजनं बठ्ठं खोटं शे. येसनी दोन-दोन गोळ्या खाध्यात. मन्ही वही देखा."

मी पदर तोंडाला लावला. गावाच्या गोळ्या पणाला लावून खरं बोलणारा माणूस मी या वयात पहिल्यांदा पाहिला.

एक गोरी डॉक्टरीण वही उलटत बसली. कोण सुधारलं, कोण बिघडलं, कोणी गोळ्या उकिरड्यावर टाकल्या, सगळं त्यात होतं. बऱ्याच वेळानं तिनं दुभाष्याकडून सांगितलं, गोळ्या चालू ठेवा असं मी लिहीन. मग विचारलं, "यात तुमचं पान कुठलं?"

नानांनी काढून दिलं. पान अर्ध्यातच थांबलं होतं. त्यांची बायको गेली, त्या आठवड्यात. पट्टा तीच बांधायची.

"आते कोन मोजी?" नाना म्हणाले आणि वही मिटली.

दुसऱ्या सकाळी दारात आले. "अक्का, हात दे."

"आधी तुमचा," मी म्हटलं. चौथी शिकले आहे, आकडे वाचता येतात.

आकडा बराच वर होता. मी मोठ्यानं वाचला, मिठावरून झापलं आणि पट्टा सोडायला गेले. नानांनी हात हलवला नाही.

"अक्का," ते म्हणाले, "अजून एकडाव मोज."