मोजून अर्धा पेला

गॅलरीतल्या अकराही कुंड्या बाबांनी बैठकीच्या खिडकीशी आणून ठेवल्या, तो शनिवार होता. जन्म दवाखान्यात कंपाउंडर म्हणून गेलेला, त्यामुळे थोरलीला झाडं दाखवली तीही वॉर्डातून फिरवल्यासारखी. थंडीत झाड झोपतं, झोपलेल्याला उठवून पाणी पाजायचं नाही. दहा दिवसांतून एकदा, मोजून अर्धा पेला. थोरली पेपरातून डोकं न काढता हूं हूं करत होती. मग बाबांनी चहा घेतला, साखर कमी असल्याची तक्रार केली, आणि रविवारी सकाळी ते उठलेच नाहीत.

भेटायला येणारे थांबले तसा थोरलीने कुंड्यांचा ताबा घेतला. भिंतीवर कागद चिकटवला: ‘दहा दिवसांतून एकदा, अर्धा पेला. हे काम माझ्याकडे आहे. इतरांनी हात लावू नये.’ ती रडली नव्हती. कागदावर विरामचिन्हंसुद्धा जागच्या जागी होती. आईने कागद वाचला. पलीकडच्या गल्लीत राहणारा धाकटा रोज सकाळी दूध घेऊन यायचा, त्यानेही वाचला. दोघांनी मान डोलावली.

तिसऱ्या आठवड्यात रबराच्या झाडाची पानं पिवळी पडू लागली. एका फांदीपासून वाढवत बाबांनी ते खिडकीच्याही वर नेलं होतं. थोरलीने कुंडीला शाल गुंडाळली. हीटर लावला, तर शेजारचं नेचं पापडासारखं वाळलं आणि रबराचं गळतच राहिलं. तिने रोपवाटिकेत फोन केला. पाणी जास्त होत नाही ना, असं तिथल्या बाईंनी विचारलं. ‘मोजून अर्धा पेला’ हे थोरलीने अशा आवाजात सांगितलं, की बाईंनीच माफी मागितली.

त्यातच एका रविवारी खालच्या मजल्यावरचे मास्तर वर आले. त्यांच्या आरामखुर्चीच्या बरोबर वर छत गळत होतं आणि दोन दिवस ते घरात टोपी घालून बसत होते. प्लंबर आला. त्याने बाथरूमची फरशी उखडली, कोरडं. स्वयंपाकघरातली उखडली, कोरडं. मग बैठकीत येऊन त्याने एका कुंडीखालची ताटली उचलली आणि कोपरापर्यंत भिजला.

“बाई, पाइप ठणठणीत आहेत,” तो म्हणाला. “पाणी कोण ओततंय?”

थोरलीने कागदाकडे बोट दाखवलं. प्लंबरने तो वाचला आणि पुन्हा ताटलीकडे पाहिलं.

सगळ्यात आधी आई फुटली. थोरली ऑफिसला गेली की दुपारी ती तांब्याभर घालायची. उखडलेली फरशी हातात धरून उभ्या असलेल्या धाकट्यानेही मग कबूल केलं, सकाळी तो थोडंसंच घालायचा. थोडंसं म्हणजे दुधाचं पातेलं विसळून, काठोकाठ.

“मग मी कागद कशाला लावलाय?”

“तिथं उभं राहिलं की जरा बरं वाटतं गं,” आई म्हणाली. “आणि नुसतं उभं कसं राहायचं? म्हणून आपला तांब्या.”

एक तांब्या नि एका पातेल्याने छत गळत नाही, असं प्लंबरने अनुभवाने सांगितलं. आणखी कोणीतरी असणार. सगळे मास्तरांकडे बघायला लागले. मास्तरांनी टोपी घट्ट केली.

“मी,” थोरली म्हणाली. “रोज संध्याकाळी, ऑफिसातून आल्यावर.”

“पेला?” प्लंबरने विचारलं.

“बादली.”

धाकटा आधी हसला, मग आई, मग पदर तोंडाला लावून पुन्हा आईच. प्लंबर, धाकटा आणि थोरली यांनी मिळून रबराचं झाड कुंडीतून उपसलं आणि गोणपाटावर आडवं केलं. मास्तरांनी मुळं चाचपली. चारपाच सडली होती, बाकीची घट्ट होती. जगेल, ते म्हणाले. पण उन्हाळ्यापर्यंत बरं वाटून घ्यायला सगळ्यांनी दुसरी जागा शोधा.

थोरली चिखलाच्या हातांनी आईशेजारी जमिनीवर बसली.

“आई, मला बाबांची फार आठवण येते,” ती म्हणाली.