सत्तावीस डेसिबलचा संशयित

फुस्सऽऽ… हुंऽऽ… फुस्सऽऽ.

दुपारचा दीड वाजला होता. खारुताई, म्हणजे माझी चार वर्षांची लेक, अर्ध्या तासाच्या मनधरणीनंतर आत्ता कुठे झोपली होती. मी चवड्यांवर चालत टेबलापाशी आले, वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून तो आवाज आला. खारुताईचा एक डोळा उघडला. एक उघडला की दुसरा उघडतोच.

इथे माझी ओळख करून देणं भाग आहे. या घरात जे कोणालाच दिसत नाही ते मला दिसतं. हरवलेला डावा मोजा मी नुसत्या वासावरून शोधते. बिस्किटांच्या डब्याचं झाकण किती तिरकं बसलंय यावरून तो शेवटचा कोणी उघडला हे शपथेवर सांगते. रडण्याच्या पहिल्या सुरात भूक आहे, झोप आहे की निव्वळ नाटक आहे, हे ओळखणारी माझ्या तोडीची बाई या इमारतीत नाही. तिसऱ्या मजल्यावर एक होती, पण तिची मुलं मोठी झाली. बुद्धीला धार आहे, नजर करडी आहे, फक्त वेळ नाही. माझा वेळ दुपारी दीड ते अडीच, एवढाच. आणि गेल्या आठवड्यातल्या मंगळवारपासून तो कोणीतरी चोरत होतं.

संशयित उघड होता. माझ्या सासऱ्यांचं श्वासाचं मशीन.

सासरे झोपेत श्वास घ्यायचे थांबतात. तपासणीत निघालं, तासाला एकतीस वेळा. डॉक्टर म्हणाले, "हे हसण्यावारी नेऊ नका, हृदयावर ताण येतो. दुपारची डुलकीसुद्धा मशीनशिवाय नको." म्हणून पाव-लादीएवढं एक मशीन घरी आलं. त्याला एक नळी, नळीला नाकातोंडावर बसणारा मास्क. मशीन हवा ढकलतं, श्वास चालू राहतो. पंधरा दिवस वापरून बघा, पटलं तर ठेवा, नाही तर परत. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं: आवाज फक्त सत्तावीस डेसिबल, कुजबुजीहून हळू.

आज पंधरावा दिवस. मशीनवाली मुलगी पाच वाजता येणार होती आणि सासऱ्यांनी सकाळीच जाहीर केलं होतं, "परत देऊन टाका. पोरीची झोप मोडते. मी काय, इतकी वर्षं जगलोच की."

म्हणजे माझ्या हातात साडेतीन तास होते. खारुताईला चित्रांचं पुस्तक देऊन मी कामाला लागले.

घटनास्थळी फोनवर आवाज मोजला. शेहेचाळीस! कागद म्हणतो सत्तावीस. उरलेले एकोणीस डेसिबल कोणाचे?

पहिला संशय पाण्यावर. मशीनला एक छोटी टाकी असते, हवा ओलसर राहावी म्हणून. पाणी खळखळत असणार, हे शेंबडं पोरही सांगेल. मी टाकी हळूच ओढून रिकामी केली. आवाज तसाच. सासरे मात्र घसा कोरडा पडून उठले आणि मास्क वर करून म्हणाले, "आग लागलीय का कुठे?"

"नाही बाबा, तपास चालू आहे. झोपा तुम्ही."

दुसरा संशय मिशीवर. सासऱ्यांची मिशी भरघोस आहे. मिशीवरून मास्क उचलला जातो, फटीतून हवा निसटते, शीळ वाजते. काय तर्क होता! मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारली असती, पण हातात कात्री होती.

"बाबा, मिशी जर अगदी थोडी…"

"मिशीला हात लावायचा नाही. घे, मशीन घेऊन जा, पण मिशी राहील."

मी मिशीसमोर टिश्यूचा कागद धरला. तो जराही हलला नाही. मिशी निर्दोष सुटली.

तिसरा संशय टेबलावर. टेबल थरथरतं, म्हणून आवाज वाढतो. चार पायांखाली खारुताईची चार खोडरबरं सरकवली. मशीन वाजतच राहिलं. शेजारच्या पेल्यातली कवळी मात्र किणकिणायची थांबली. तेवढंच यश.

चौथा संशय नवऱ्यावर. तो लग्नापासूनच कायम यादीत असतो. फोन लावला.

"तू मशीनच्या कुठल्या बटणाला हात लावलास का?"

"अगं, मी मीटिंगमध्ये आहे."

"गुन्हेगार नेहमी हेच सांगतो."

"सांगू दे. मी ठेवतो."

राहिली साक्षीदार. सासूबाई बाहेरच्या खोलीत क्रोशा चालवत बसल्या होत्या. आमच्या घरात उघडं असं काही राहतच नाही. रिमोटला कव्हर, मिक्सरला कव्हर, फ्रीजच्या दांड्याला कव्हर. खारुताईच्या सायकलच्या घंटीलासुद्धा टोपडं आहे, त्यामुळे ती वाजत नाही. मशीन घरात आलं त्याच संध्याकाळी सासूबाईंनी त्याची मापं घेतली होती. आता त्याच्यावर जांभळं, पिवळ्या फुलांचं, आतून जाड अस्तराचं कव्हर आहे, पुढे पडद्यापुरती खिडकी, बाजूला टाकीपुरती फट. पुराव्याला धक्का लागू नये म्हणून मी त्याला तपासभर हात लावला नव्हता.

"आई, नीट आठवून सांगा. आवाज कधीपासून येतोय?"

"मंगळवारपासून. सोमवारी रात्री माझं कव्हर विणून संपलं ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

मी वहीत 'मंगळवार' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं: सोमवारी कव्हर पूर्ण (तपासाशी संबंध नाही).

पाच वाजता बेल वाजली. मशीनवाली मुलगी रिकामी बॅग घेऊन आली होती. तिच्यामागोमाग आम्ही सगळे खोलीत गेलो. मी घसा खाकरून सुरुवात केली, "एकंदर चार शक्यता मी तपासल्या…"

"अय्या, याला स्वेटर कोणी घातलं?"

तिने कव्हर सरळ उचललं, मशीन फिरवलं. मागे एक बारीक जाळी होती. "हवा इथूनच आत जाते, ताई. इथेच कोंडलं की ते बिचारं जोर लावतं, धापा टाकतं." तिने जाळीतून नखाने जांभळ्या लोकरीचा भुगा काढला, दुसरी जाळी बसवली आणि मशीन सुरू केलं.

काहीच ऐकू येईना. फोनवर अठ्ठावीस. वरचा एक बहुधा माझ्या दात खाण्याचा.

सासूबाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यामुळे…"

"छे, मशीनच नाजूक," सासरे घाईघाईने म्हणाले.

"पण आजोबा," मुलगी म्हणाली, "पहिल्याच दिवशी तुम्हाला दाखवलं होतं की! मागची जाळी झाकायची नाही म्हणून."

आता सगळ्यांचे डोळे सासऱ्यांकडे. ते मिशी कुरवाळू लागले.

"दाखवलं होतं."

"मग बोलला का नाहीत, अहो?" सासूबाईंनी विचारलं.

"तू चार दिवस दोन-दोन चष्मे बदलून विणत होतीस. फुलंच पंधरा आहेत. मोजलीत मी."

"म्हणून मशीन परत द्यायला निघालात? जीव गेला तरी चालेल, पण तोंडाने सांगायचं नाही?"

"तोंडावर मास्क होता."

मशीनवाली हसली, मी हसले, खारुताई काही न कळता सगळ्यांत जास्त हसली. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी कव्हर घडी घालून मांडीवर ठेवलं.

"इतकी वर्षं मी तुमच्या घोरण्याला कान लावून झोपते," त्या म्हणाल्या. "मध्येच थांबलं की कोपराने ढोसते. या मशीनने घोरणं गेलं, मला वाटलं, आता जागरणच. पण आवाज यायला लागला तेव्हा कुठे डोळा लागला माझा. आवाज आहे म्हणजे हवा चालू आहे. आता हे असं गप्प बसलं तर मला कळायचं कसं?"

मुलीने मशीनचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

"पडद्यावर सगळं येतं, आजी," मुलगी जरा हळू आवाजात म्हणाली. "हे बघा, कालचं. एकतीसच्या जागी चार. दमलेलं मशीन होतं, तरी चार. रोज सकाळी बघायचं."

"सकाळी? आणि सकाळपर्यंत मी काय करायचं?"

"झोपायचं."

सासूबाईंनी हा उपाय पूर्वी कधी ऐकला नसावा असं तिच्याकडे पाहिलं. मग सासऱ्यांनी त्यांच्या मांडीवरचं कव्हर उचललं आणि स्वतःच्या डोक्यावर चढवलं. पडद्याची खिडकी बरोबर कानावर आली.

"आता बसलं नेमकं," सासूबाई म्हणाल्या, "ज्याला झाकायला हवं होतं त्याच्यावर." आणि डोळे पुसता पुसता हसल्या.

मशीनवाली रिकामी बॅग घेऊनच परत गेली. मी वहीत लिहिलं: प्रकरण निकाली. कोणाच्या हातून, ते लिहिण्याइतकी जागा पानावर उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता घर खरोखरच शांत होतं. खारुताई झोपली. मी वही उघडली आणि मिटली. इतकी शांतता मला लिहू देईना. मी सासऱ्यांच्या दारापाशी गेले. ते गाढ झोपले होते. उशाशी खुर्ची ओढून सासूबाई बसल्या होत्या. मास्कच्या भोकांतून जिथे हवा बाहेर येते तिथे त्यांनी एक बोट धरलं होतं, आणि तसंच बोट धरून त्यांचाही डोळा लागला होता. मी तिथेच उभी राहिले. आधी सासऱ्यांचे श्वास मोजले, मग सासूबाईंचे.

आमच्या खोलीत परतले तर पलंगावर खारुताई. दोन्ही डोळे उघडे.

"आई, काय करत होतीस?"

"ऐकत होते. आजी-आजोबांचा श्वास."

"माझा पण ऐकतेस?"

"रोज. तू एवढीशी होतीस तेव्हा तर नाकाखाली बोट धरून बसायचे."

तिने स्वतःच्या नाकाखाली बोट धरून पाहिलं. मग ते बोट माझ्या नाकाखाली आणलं आणि थोडा वेळ तसंच ठेवलं.

"आई," ती म्हणाली, "तू झोपलीस की तुझा कोण ऐकतं?"