न उडणाऱ्या विमानाचा दाखला

आमच्या कालव्याकाठच्या इस्माइलिया शहरातल्या संग्रहालयात मांडायला एक जुनं मिग लढाऊ विमान आलं, आणि नियमाप्रमाणे ते उडू शकत नसल्याचा सरकारी गरुडशिक्क्याचा दाखला आवश्यक ठरला. मी तिथला कारकून. हा नियम साहेबांच्या निदर्शनास मीच आणून दिला, तेव्हा थोडं पाप माझ्याही माथी आहे.

डागडुजीला निवृत्त मेकॅनिक बरसूम आले; सगळे त्यांना उस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणत. तरुणपणी याच विमानाची निगा त्यांनी राखली होती आणि पुढे चाळीस वर्षं त्याच्या गोष्टी सांगून बायकोला, तहानीबाईंना, पार पिडलं होतं. आता तिला ते एकदा डोळ्यांनी दाखवायचं, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा.

दाखल्यासाठी समिती आली. चहा झाला. अध्यक्ष म्हणाले, "इंजिन चालू करून दाखवा."

"चालू होत नाही, साहेब. म्हणून तर इथे आलंय," बरसूम म्हणाले.

"होत नाही हे चालू केल्याशिवाय कळणार कसं? आधी चालू होण्याच्या स्थितीत आणा."

बरसूम सहा महिने खपले. समिती पुन्हा आली, पुन्हा चहा झाला. इंजिन असं गरजलं की अध्यक्षांची टोपी थेट कालव्याच्या दिशेने गेली.

"अरेरे!" अध्यक्ष हळहळले. "हे तर चालतंय. दाखला मिळणार नाही."

"त्यात काय! दोन नळ्या काढतो की."

"खबरदार! चालू लढाऊ विमान बिघडवणं गुन्हा आहे, उस्ता."

चालू लढाऊ विमान म्हणजे लष्करी गुपित. त्यावर खाकी ताडपत्री चढली, पहारेकरी बसला आणि पाटी लागली : 'पाहण्यास मनाई'. उद्घाटन मात्र ठरल्या दिवशीच झालं. लोकांनी ताडपत्रीपुढे उभं राहून हौसेने फोटो काढले.

बरसूम तहानीबाईंना घेऊन आले. मला त्यांच्याकडे बघवेना.

"हेच ते," ते पुटपुटले. "आत आहे गं. देवाशपथ."

तहानीबाईंनी ताडपत्रीवरून हात फिरवला. कुठे सुरकुती नाही, कुठे धूळ नाही. बाई एकदम खूश!

"बघा, याला म्हणतात वस्तू सांभाळणं! आणि तुम्ही? लग्नातल्या कोचावरची चादर काढ म्हणून चाळीस वर्षं माझं डोकं खाताय."

"अजून एकदाही बसलो नाही हो त्या कोचावर," बरसूम माझ्या कानाशी म्हणाले.

मला हसू आवरेना. तुम्हीही हसलाच असाल. हसा, हसा. फक्त आधी टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक तेवढं काढून या.