चहाचे दहा तारे

प्रणालीच्या कंपनीची बस पावणेसहाला गल्लीच्या तोंडाशी यायची. त्याआधी सासऱ्यांच्या हातचा आल्याचा चहा पोटात गेल्याशिवाय तिचे डोळे काही उघडत नसत. एसटीतून निवृत्त झाल्यापासून खुशालराव रोज आपण होऊन हा चहा करत. कोणी सांगितलं नव्हतं आणि कौतुकही कोणी केलं नव्हतं. घरच्या माणसाचं तोंडावर कौतुक करायची आपल्या वऱ्हाडात पद्धतच नाही!

प्रणाली नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात सुपरवायझर. तिथे चांगल्या कामाला तक्त्यावर चिकटवायचा तारा, दहा ताऱ्यांना बक्षीस. घरच्या देवमाणसालाही मिळावं म्हणून तिने फ्रिजवर तसाच तक्ता लावला. चहाला रोज एक चमकता तारा. इथेच माशी शिंकली.

तिसऱ्या दिवशी खुशालराव म्हणाले, "आज दोनदा चहा केला. दोन तारे लाव."

"मामाजी, दिवसाले एकच हाये."

"मंग दुसरा कप कावून पेली?"

पाचव्या दिवशी चहातलं आलं गायब. विचारलं तर खुशालराव म्हणाले, "तक्त्यावर आलं कुठं लिवलं हाये?" खरंच लिहिलं नव्हतं. तेवढ्यात सासूबाई सुभद्राबाई कडाडल्या, "तीस वर्सं भाकरी थापून राहिली मी, माह्या भाकरीले तारा कावून नाही?" त्या दिवशी भाकरी बंद. प्रणालीच्या नवऱ्याने, नितेशने खिचडी लावली आणि करपवली.

दहावा तारा लागला. प्रणालीने बक्षीस म्हणून मफलर दिला. दुसऱ्या दिवशी खुशालराव तोच मफलर कानाला गुंडाळून झोपून राहिले.

"मामाजी, चहा?"

"टार्गेट झालं ना बाई."

"उद्यापासून रोज दोन तारे लावते!"

खुशालराव उठून बसले. "हे पाह्य पोरी, आंधी मी चहा करत होतो. आता तू माह्याकडून करून घेऊन राहिली. मजाच नाही राहिली त्यात."

प्रणालीला फार वाईट वाटलं. तिने तक्ता फाडला. तरी दोन दिवस चहा नाही. दुसऱ्या दिवशी तर ती बसमध्येच झोपून राहिली आणि ड्रायव्हरने तिला पार गॅरेजमधून परत आणलं.

तिसऱ्या दिवशी सव्वापाचला उशाशी कप वाजला. आलं इतकं, की घशाला आग लागली. डोळ्यांत पाणी आलं, ते काही नुसतं आल्याचं नव्हतं. 'लय भारी झाला' हे शब्द ओठांवर आले होते, ते तिने चहाबरोबर गिळले.

"आलं जास्त झालं, मामाजी."

खुशालरावांचा चेहरा खुलला. "माह्या मर्जीनं टाकलं! उद्या याच्याहून जास्त टाकीन!"

प्रणालीने रिकामा कप पुढे केला. "मंग द्या अजून अर्धा."