अल्गी आंटी

वरच्या मजल्यावरच्या चित्राताईंसमोर कुणी 'शेवाळ' म्हटलं की त्या हातातला चहा खाली ठेवतात. "शेवाळ नव्हे, जिवाणू. निळे-हिरवे जिवाणू," असं बजावून मगच पुढचा घोट घेतात. ताई पन्नाशीच्या, एकट्या, शारजातल्या एका लॅबमध्ये पाणी तपासतात. तरुणपणी थंड देशातल्या तळ्यांवर संशोधन केलेलं. उष्ण प्रदेशातली एक जात तिकडच्या गार पाण्यात कशी शिरली आणि तिथल्या मूळच्या जातींना हुसकावून कशी पसरली, हे त्या आमच्याकडे जेवताना श्रीखंड वाढून घेत सांगतात.

गेल्या ऑक्टोबरात शारजाला लागूनच असलेल्या अल कुसैसमधल्या आमच्या वसाहतीच्या तळ्यावर हिरवट साय धरली. त्याच आठवड्यात शनिवारी मुलांसाठी पेडलबोटी येणार होत्या. ताईंनी पाणी घरच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर जात विषारी निघाली; नमुना त्यांनी लॅबलाही पाठवला. मॅनेजर हसला. जराशी हिरवळ आहे मॅडम, खलास, विषय संपला, म्हणाला.

शनिवारी ताई धक्क्यावर, बोटींच्या वाटेतच, घडीची खुर्ची टाकून बसल्या. मुलं लाइफ जॅकेट घालून रांगेत, आईबाप वैतागलेले. सिक्युरिटीवाल्याने हिंदीत विनवून पाहिलं, मॅनेजरने पोलिसांची भीती घातली. मीही हळूच म्हणालो, ताई, आपण परक्या देशात आहोत, उठा.

"येऊ देत पोलीस. त्यांनाही मुलं असतील," त्या म्हणाल्या. "या पाण्यात एकही पोर हात घालणार नाही. मी उठत नाही."

ऊन उतरेपर्यंत त्या बसून होत्या. शेवटी बोटवाल्यानेच कंटाळून बोटी ट्रकवर चढवल्या. पुढे लॅबचा रिपोर्ट आला आणि तळ्याला जाळी लागली. पण मुलांनी ताईंना 'अल्गी आंटी', म्हणजे शेवाळवाली आंटी, करून टाकलं. लिफ्टमध्ये त्यांच्याशी कुणी बोलेना.

मग ताईंनी वसाहतीच्या ग्रुपवर सगळ्या मुलांना सूक्ष्मदर्शक पाहायला बोलावलं. आम्ही इराला, आमच्या मुलीला, घेऊन वर गेलो. टेबलावर साबुदाणा वडे, सरबताचे पेले, सगळे काठोकाठ. दुसरं कुणीच आलं नव्हतं.

इराने भिंगाला डोळा लावला. "लुक, नेकलेस," ती म्हणाली, आणि डोळा काढेचना.

"बघ, सावकाश बघ," म्हणत ताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात विचारलं, "पोरं फार चिडलीत का रे माझ्यावर?"

मी नाही म्हणालो. त्यांना ते पटलं नसावं. एसीची हवा बाहेर जात होती, म्हणून मी दार लोटायला उठलो.

"असू दे उघडं," ताई म्हणाल्या.