एका तासाची वाटणी

दमनहूर शहराच्या कालवे खात्यातील नियोजन उपप्रमुख उस्ताद वगीह यांनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, बावीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच, लांब रजेचा अर्ज केला. कारणाच्या रकान्यात ‘मुलगी बारावीला’ एवढेच लिहिले. साहेबांनी एकही प्रश्न न विचारता सही केली आणि उठून हस्तांदोलन केले. आमच्याकडे घरात बारावी असली की टीव्हीवर चादर पडते, पाहुणे जिन्यातूनच माघारी फिरतात आणि गल्लीतला कांदेवाला ओरडायचे सोडून खुणा करतो.

मुलीचे नाव शुरूक. विषय सात, दिवस अडुसष्ट. शुरूकला गुरांची डॉक्टर व्हायचे होते. त्या कॉलेजच्या वाटेत फक्त फिजिक्स आडवे पडले होते. सराव परीक्षेत साठपैकी एकवीस गुण आले होते. फिजिक्सने दगा दिला तर वाणिज्य शाखेच्या चार हजारांच्या गर्दीत जाऊन बसावे लागणार, हे तिला पक्के ठाऊक होते.

“बाबा, रोज तीन-चार तास मला फिजिक्स करू द्या. बाकी माझं मी बघते.”

“माझं मी बघतो म्हणणाऱ्यांनीच कालवे फोडलेत, पोरी,” वगीह म्हणाले. “आधी वाटप, मग पाणी.”

त्यांनी सातही शिकवणीवाल्यांकडून किमान गरजेचे लेखी मागणीपत्र मागवले. रसायनाचा सुलतान म्हणून भिंतींवरच्या जाहिरातींत छापला जाणारा मास्तर रोज सहा तासांखाली येईना. अरबीचा बादशहा पाचावर अडला. बेरीज तेहतीस तासांवर गेली, आणि दिवस तर चोवीसच तासांचा. वगीह डगमगले नाहीत. कालव्यातही मागणीएवढे पाणी कधीच नव्हते, म्हणून काय खाते बंद पडले होते? अशा वेळी समिती नेमतात.

समितीत शुरूकचे हिल्मीमामा आले. ते वीज कंपनीत भारनियमनाच्या टेबलावर असल्याने कोणाचे काय केव्हा बंद करावे याचा त्यांना दांडगा अनुभव होता. अतियात आत्या आल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या शाळेत मुले शिकली की नाही हे सांगता येत नाही, पण रांग कधी मोडली नाही. चहाची जबाबदारी शुरूकच्या आईवर, ईनासबाईंवर, एकमताने सोपवण्यात आली.

चार मोठे कागद चिकटवून तक्ता आखायचा होता आणि घरात तेवढे मोठे टेबल एकच होते. ते शुरूकचे. तिची पुस्तके उचलून तिच्या हातात देण्यात आली.

“तू बाहेर बस गं,” आत्या म्हणाल्या. “तुझ्याबद्दल चाललंय, तुझ्यादेखत मोकळेपणी बोलता येत नाही.”

शुरूक फिजिक्सचे पुस्तक घेऊन गच्चीवर गेली. तिथे शेजाऱ्यांच्या कबुतरांचा लाकडी खुराडा होता. कबुतरांना वेळापत्रकाबद्दल काही मत नव्हते. सभा साडेतीन तास चालली. तेवढ्या वेळात वीजप्रवाहाचे अख्खे प्रकरण तिच्या डोक्यात शिरले, जे महिनाभर दारातूनच परत जात होते.

दुसऱ्या दिवशी सभा तासाभरातच आटोपेल अशी चिन्हे दिसू लागली. शुरूक पुस्तक छातीशी धरून दारात घुटमळली. मग सहज म्हणाली, “आत्या, भूगर्भशास्त्र जेवणानंतर ठेवलंय. झोप नाही का येणार?”

“पोरगी बरोबर बोलतेय,” मामा म्हणाले. “जेवणात काय आहे त्यावर आहे ते. मुलूखियाची पालेभाजी असेल तर दोन तास माणूस कामातून गेला.”

“मग जेवणाचं वेळापत्रक आधी ठरायला हवं!” वगीह म्हणाले आणि त्यांनी नवा कागद घेतला.

त्या दिवशी सभा पावणेपाच तास चालली. ईनासबाईंचा आठवड्याचा स्वयंपाक परिशिष्ट ‘अ’ म्हणून जोडला गेला आणि मुलूखिया फक्त गुरुवारी करण्याचा ठराव आत्यांच्या विरोधासह मंजूर झाला.

शुरूकला मार्ग सापडला. ती रोज दुपारी दारात येई, एक शंका टाकी आणि गच्चीवर जाई. फ्रेंच आणि इंग्रजी लागोपाठ आले तर जिभेचा गोंधळ होणार नाही ना? जीवशास्त्रात बेडूक आहे, ते जेवणाआधी बरे दिसेल का? प्रत्येक शंका समितीला तीन-चार तास पुरे. खाली आवाज चढत, कप आपटत, आणि वर शुरूक एकामागून एक उदाहरणे सोडवत जाई. मधूनच बाकीचे विषयही ती वर नेऊ लागली.

एका दुपारी आईने तिला जिन्यात गाठले. “आज कोणती शंका?”

शुरूकचा चेहरा पडला. “अरबी व्याकरण.”

“दमानं घे गं बाई. काल तुझ्या मामानं अकरा चहा ढोसले. साखर संपत आलीय.” एवढे बोलून आईने तिच्या हातात ताअमियाचे दोन गरम वडे ठेवले आणि पुन्हा आधण टाकायला गेली.

पण सरकारी कामसुद्धा कधी कधी पुरे होते. एप्रिलच्या शेवटच्या गुरुवारी तक्ता तयार झाला. पंचवीस मिनिटांची आवर्तने होती आणि प्रत्येक आवर्तनानंतर पंधरा मिनिटे पूर्तता अहवाल भरण्यासाठी राखली होती. अहवाल तीन प्रतींत. फिजिक्स तक्त्याच्या शेपटाला आले होते. कालव्याच्या शेपटाला असलेल्या शेताला जे मिळते तेच त्याला मिळाले: मंगळवारी सतरा मिनिटे, तीही आधीच्या विषयांचे भागून उरल्यास. अंमलबजावणी शनिवारी सकाळपासून. बदल करायचा झाल्यास सर्व सदस्यांच्या सह्या आवश्यक.

“झालं एकदाचं!” वगीह म्हणाले. त्यांचे डोळे खरेच पाणावले होते. “शुरूक, आता तू फक्त तक्त्याचं बोट धरून चालायचं.”

बापाच्या त्या चेहऱ्यापुढे तिला नाही म्हणवेना. पंचेचाळीस दिवस उरले होते आणि निम्मे फिजिक्स बाकी होते. गच्चीवर जाऊन ती कबुतरांसमोर मनसोक्त रडली.

शुक्रवारी दुपारी सगळे जेवायला बसले. तक्ता भिंतीवर विराजमान झाला होता. शुरूकची नजर त्यावरून घड्याळावर गेली, घड्याळावरून पुन्हा तक्त्यावर आली, आणि घास हातातच राहिला. काल मध्यरात्री उन्हाळी वेळ लागू झाली होती. साऱ्या देशाने घड्याळे एक तास पुढे केली होती.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “मगरिबच्या नमाजानंतर रसायन लिहिलंय, आणि साडेसातला फ्रेंच.”

“मग?”

“आजपासून सूर्य मावळणार साडेसातला, म्हणजे मगरिबही तेव्हाच. घड्याळ पुढे गेलं, सूर्य नाही गेला.”

मामांच्या हातातली भाकरी खाली आली. निम्मा तक्ता नमाजाच्या वेळांवर बेतलेला होता, निम्मा घड्याळावर. आता रसायन फ्रेंचच्या अंगावर चढले होते आणि दुपारच्या असरच्या नमाजानंतरचे जीवशास्त्र अरबीच्या शिकवणीत घुसले होते.

“आणि आणखी एक,” शुरूक म्हणाली. “काल रात्रीचा तो एक तास. तो कोणत्या विषयातून गेला?”

वगीह उठले. त्यांनी हातही न धुता खण उघडला आणि नवा कागद काढला.

“झोपेतून गेला,” मामा म्हणाले. “रात्रीचा होता.”

“झोप हा विषय आहे का?” आत्या कडाडल्या. “जो विषयच नाही त्यातून कपात करता येत नाही, हिल्मी. नियम आहे.”

“मग भूगर्भातून काढा. मेले, नाहीतरी दगडच आहेत ते.”

“आणि भूगर्भाच्या मास्तरांना तोंड कोण दाखवणार? तू?”

सातही मास्तरांना फोन गेले. आपल्या विषयातला तास गेला हे कबूल करायला एकही तयार नव्हता. रसायनाच्या सुलतानाने तर भरपाई म्हणून दोन तास मागितले. शेवटी वगीह यांनी गहाळ तासाबाबत राजधानीत पत्र धाडले. मे संपता संपता कुठल्याशा कचेरीतून उत्तर आले: सदर तास ऑक्टोबरअखेर घड्याळे मागे घेतल्यावर परत मिळेल, तोवर सहकार्य करावे. परीक्षा जूनमध्ये होती. तेव्हा ऑक्टोबरातला तास जूनमध्ये आगाऊ वापरता येईल काय, या मुद्द्यावर समिती बसली ती बसलीच.

फिजिक्सच्या पेपरच्या दिवशीही सभा रंगात होती. शुरूकला केंद्रापर्यंत पोचवायला एकटी आई गेली.

निकाल लागला. फिजिक्समध्ये साठपैकी त्रेपन्न. गुरांच्या डॉक्टरीची जागा पक्की. ईनासबाईंनी खिडकीत उभे राहून असा हर्षाचा ललकार काढला की समोरच्या तीन इमारतींतून उत्तरे आली. सरबत वाटले गेले. मामा रडले, आत्या रडल्या, आणि त्या भरात शुरूकच्या तोंडून खरे निघून गेले.

“बाबा, मी तक्ता पाळलाच नाही. तो पुरा झालाच नव्हता ना. तुमच्या सभा चालायच्या तेव्हा मी गच्चीवर अभ्यास करायची.”

वगीह क्षणभर खाली बसले. एवढ्या सभांचे काम त्यांच्या चेहऱ्यावरून उतरताना दिसले.

“रोज किती तास?” त्यांनी विचारले.

“चार. कधी पाच.”

“आणि ते पाच तास तुला सलग, बिनाअडथळ्याचे, कोणी मिळवून दिले?”

 शुरूकला हसू फुटले. “तुम्हीच, बाबा.”

“ऐकलंस, अतियात?” वगीह उठून उभे राहिले. त्यांनी पोरीच्या कपाळाचा मुका घेतला. “योजना यशस्वी!”

तोवर दाराबाहेर गर्दी जमली होती. पुढच्या वर्षी ज्यांची मुले बारावीला आहेत असे चाळीस आईबाप जिन्यात उभे होते आणि प्रत्येकाला भिंतीवरच्या तक्त्याचा फोटो हवा होता. तक्ता अपुरा आहे, रसायन आणि फ्रेंच अजून एकमेकांच्या अंगावर आहेत, असे ईनासबाईंनी सांगून पाहिले. कोणी ऐकेना. शुरूक तिथेच सरबताचा ग्लास घेऊन उभी होती. गच्चीवर नेमके काय केलेस, असे तिला चाळिसांपैकी एकाने विचारले नाही.

तुम्ही हसताय, ते ठीक आहे. पण खरे सांगा, तिने फिजिक्सची उदाहरणे कशी सोडवली हे तुमच्याही मनात आले नाही. ती पंचवीस मिनिटांची आवर्तने कशी आखली होती, एवढेच तुम्हाला पुन्हा एकदा नीट बघायचे आहे. मिळेल. जिन्यात उभे राहा. तुमचा नंबर एकेचाळिसावा.