सोयरिकीची बाटली

एका जंगलात, बाळांनो, दगडोबा अस्वलाचं घर होतं. मोहाच्या दारूतलं दगडोबाला सगळं कळायचं. नुसता वास घेऊन तो सांगायचा, फुलं कुठल्या डोंगरावरची आहेत. पण हे ज्ञान कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत, म्हणून जंगलात त्याला अडाणी म्हणत.

दगडोबाच्या मुलीचं नाव चारोळी. तिला घाटापलीकडचा तेंदू आवडत होता. तेंदूलाही ती आवडत होती. पण लग्नाला तेवढं पुरत नाही, बाळांनो. तेंदूचे वडील भाऊसाहेब शहराच्या कडेला राहून आलेले. ते वाइन प्यायचे. निदान तसं सांगायचे. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी तेंदूसाठी आलेलं एक स्थळ मोडलं होतं, कारण मुलीचा बाप वाइन ताकासारखी गटागटा प्यायला.

तर एके दिवशी भाऊसाहेबांकडून एक बाटली आली. सोबत निरोप होता, "रविवारी येतो. तेव्हाच फोडू. बाटलीबद्दल तुमचं मत ऐकायला उत्सुक आहे."

दगडोबाने बुचाला नाक लावलं. काही वास येईना. 

"अगं, मत कुठून आणू मी?" तो बायकोला, हिरडीला म्हणाला. "पोरीचं लग्न मोडणार बघ माझ्यामुळे."

"कोल्हेपंतांना बोलवा," हिरडी म्हणाली. "त्यांच्या घराण्याचा द्राक्षांशी जुना संबंध आहे."

संबंध होता खरा. 'कोल्ह्याला द्राक्षं आंबट' ही म्हण त्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या चिकटली होती. तो डाग धुवायला पंतांनी वाइनचा अभ्यास केला होता. अभ्यास म्हणजे, रिकाम्या बाटल्या जमवल्या होत्या.

पंत आले. त्यांनी चष्मा लावला आणि लेबल वाचलं.

"सोपं आहे हो. स्थळाची माहिती वाचतो तसं वाचायचं. हे बघा, गाव पिंपळडोह. जात शिराज. आणि हे जन्मसाल. चारोळीच्याही आधीचं."

"वयानं मोठी आहे की मग," हिरडी म्हणाली.

"वाइनमध्ये चालतं."

"आणि हे तेरा टक्के?" दगडोबाने विचारलं.

इथे पंत अडकले. पण अडकला म्हणून गप्प बसेल तो विद्वान कसला! "मार्क," ते म्हणाले.

"शंभरात तेरा?" दगडोबा ताडकन उठला. "नापास झालेली बाटली पाठवली आम्हाला? अहो, मुलगा तरी पास आहे का?"

"परीक्षा फार कडक असते ती," पंत घाईघाईने म्हणाले. "तेरा म्हणजे डिस्टिंक्शन समजा."

बाळांनो, साल म्हणजे द्राक्षं तोडली ते वर्ष आणि टक्के म्हणजे आतलं अल्कोहोल, हे तुम्हाला माहीत आहे. खरं तर तुम्हाला माहीत नसायला हवं. पण जाऊ दे.

बाटली उलटी फिरवून मात्र कोणी पाहिली नाही. स्थळाची माहिती पुढच्या बाजूलाच असते. मागचं सगळं लग्नानंतर कळतं.

रविवार उजाडला. भाऊसाहेब आणि तेंदू आले. मदतीला म्हणून पंतही येऊन बसले. मधाचं पोळं खाऊन झालं, पळसाच्या पानांचे द्रोण मांडले आणि बूच निघालं.

"ही आम्हाला आमच्या लग्नात आहेरात आली," भाऊसाहेब अभिमानाने म्हणाले. "तेव्हापासून खिडकीत उभी होती, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. ऊन म्हणू नका, पाऊस म्हणू नका. आम्ही हात लावला नाही!"

सगळे प्यायले.

भाऊसाहेबांचे कान मागे गेले. "वा!" ते म्हणाले.

दगडोबाच्या नाकाने तर आधीच सांगितलं होतं, वाइन आंबून तिचा शुद्ध शिरका झाला आहे. पण त्याने चारोळीकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा नाकाचं ऐकलं नाही. "गाव चांगलं आहे," तो म्हणाला. "जातही चांगली. आणि डिस्टिंक्शन!"

भाऊसाहेबांना यातलं ओ की ठो कळलं नाही. म्हणून त्यांनी फार समजल्यासारखी मान डोलावली आणि विचारलं, "पंत, तुम्हाला कशी वाटली?"

पंतांची पंचाईत झाली. त्यांच्या घराण्यात प्रथमच कोणाच्या तरी तोंडात खरोखर आंबट द्राक्ष पडलं होतं. पण आंबट म्हणावं, तर सगळे हसून म्हणणार, खानदानी सवय हो, दुसरं काय!

"गोड," पंत म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

एवढ्यात चारोळीने बाटली उचलली. ती हातात फिरली आणि मागचं लेबल दिसलं. त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'तयार झाल्यापासून दोन वर्षांत संपवावी. उन्हात ठेवू नये. थंड जागी आडवी ठेवावी.'

चारोळी खरं बोलणारी पोर. तिने बोलायला तोंड उघडलं.

पण तिच्या खांद्यावरून तेंदूनेही ते वाचलं होतं. त्याने आपल्या वडिलांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हातातला द्रोण एका दमात संपवला आणि हिरडीला म्हणाला, "मावशी, आणखी अर्धा द्रोण मिळेल का?"

त्या क्षणी चारोळीला तो इतका आवडला की तिने बाटली सरळ केली आणि त्याच्यासोबत स्वतःलाही ओतून घेतली. दोघं एकमेकांकडे बघत तो शिरका प्यायले. डोळे मिटले नाहीत.

"पोरीला जाण आहे!" भाऊसाहेब म्हणाले. साखरपुडा तिथेच ठरला.

उरलेल्या वाइनमध्ये हिरडीने मिरच्या मुरत घातल्या. रिकाम्या बाटलीत दगडोबाने आपली सगळ्यात उत्तम मोहाची भरली, बूच ठोकलं आणि निघताना भाऊसाहेबांच्या हातात दिली. घरी गेल्यावर भाऊसाहेबांनी ती पुन्हा खिडकीत उभी ठेवली, लेबल रस्त्याकडे करून.

तात्पर्य: बाटलीच्या मागचं बारीक अक्षर जरूर वाचावं. वाचून झालं की बाटली सरळ करावी आणि आणखी अर्धा द्रोण मागावा.